एकशे बारा नंबरचा पेशंट

ता. ४ जानेवारी

ती. बाबांस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा पोचलं. कानातलं यंत्र पुन्हा बिघडलं म्हणून फोन बंद ठेवलाय, असं लिहिलंत. मला संशय येतो की यंत्र ठणठणीत आहे आणि माझ्याकडून पत्रं काढून घ्यायची ही तुमची युक्ती आहे. मागच्या पत्रातल्या तीन चुका तुम्ही लाल शाईने दाखवून परत पाठवल्यात. चाळिशी उलटलेल्या मुलीचं शुद्धलेखन तपासणारे तुम्ही एकटेच असाल. सुधारणा होणार नाही, याची नोंद घ्यावी.

इकडची हकीकत तीच. सकाळी आठ ते दोन ओपीडी, नऊ नंबरच्या खोलीत. टेबलाला डॉक्टरांच्या दोन खुर्च्या आहेत, पण शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडम ऑक्टोबरात राजीनामा देऊन गेल्या आणि त्यांनी रोपवाटिका काढली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यामुळे त्यांची रांगही माझ्याच टेबलाशी येते. दिवसाचा आकडा दीडशेच्या खाली जात नाही. दोननंतर वॉर्ड. खाटा अडतीस आणि पेशंट पन्नासच्या वर, उरलेले खाली गाद्यांवर. लंबू सोबत आहे म्हणून निभतंय. कॉलेजात माझ्या वर्गात होता, तुम्ही ज्याला विजेचा खांब म्हणायचात, तोच.

झोप मिळत नाही असं नाही. पण उठते तेव्हा झोपायला गेले होते तशीच असते. परवा सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला गेले. भाजीवाल्याने ओळखलं आणि वजन करता करता आपला खोकला सांगायला लागला. वाईट काही बोलला नाही बिचारा. मी भरलेली पिशवी तिथेच ठेवली आणि घरी आले. आल्यावर लक्षात आलं की त्याला मी काहीच उत्तर दिलं नव्हतं.

बाबा, एक विचारायचं होतं. मी हे सोडून दिलं तर तुम्हाला काय वाटेल? हे म्हणजे फक्त हे हॉस्पिटल नव्हे. डॉक्टरकीच. अजून कुणाला बोलले नाही. तुम्ही हो म्हणालात तर बॅग भरून येईन, पुढचं पुढे बघू. नीट विचार करून लिहा.

चुका काढल्यात तरी चालेल, लोभात मात्र काटछाट नको.

तुमची,
मुंगी


ता. ११ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. या खेपेला दोनच चुका आहेत, म्हणजे प्रगती आहे.

तुझा प्रश्न वाचून आधी मला हसू आलं, मग थोडा रागही आला, आणि मग तुझं वय आठवलं. या वयात असं सगळ्यांनाच वाटतं. माझ्याकडे बघ. एकेचाळीस वर्षं दवाखाना चालवला. पावसापाण्यात, सायकलवर, ताप अंगात असताना. तुझी आई आजारी होती तेव्हासुद्धा. एक दिवस दाराला कुलूप लावलं नाही. दमत नव्हतो असं नाही, पण दमणं हा या धंद्यातला एक भाग आहे, जसे सुताराच्या हाताला घट्टे. लोक दाराशी उभे असतात तेव्हा माणूस आपोआप उभा राहतो.

रक्त तपासून घे. मला वाटतं हिमोग्लोबिन कमी असणार. लहानपणीही तू अशीच पिवळी पडायचीस. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं वेगळ्या टपालाने पाठवतोय, जेवणानंतर घे आणि त्यावर लगेच चहा पिऊ नकोस, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. शिवाय जरा हिंडत जा.

आपला न्हावी प्रत्येक वेळी विचारतो की डॉक्टरीणबाई कशा आहेत. मी छाती फुगवून सांगतो, रोज दीडशे माणसं बघते. तो कात्री थांबवून ऐकतो. त्याला मी आता काय सांगू, की तिने दुकान बंद केलं? तेव्हा तो विचार काढून टाक. पुन्हा लिहूही नकोस.

माझा लोभ मागावा लागत नाही. पत्र मात्र मी मागतो.

बाबा


ता. २ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गोळ्या मिळाल्या. तपासणीही केली. रक्त उत्तम आहे, तुमच्यापेक्षा चांगलं. तो दुसरा विषय तुम्ही सांगितलंत तसा बंद केला आहे.

एक गंमत सांगते. हॉस्पिटलने आमच्यासाठी मनोबल शिबिर भरवलं, आमच्याच साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. शिकवायला आलेले गृहस्थ पूर्वी हॉटेलात मॅनेजर होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक रबर दिलं आणि ताणायला सांगितलं. म्हणाले, बघा, सोडलं की पुन्हा जागेवर येतं, आपलं मनही असंच हवं. लंबूने त्याचं रबर तुटेपर्यंत ताणलं आणि शांतपणे विचारलं की हे कुठे जमा करायचं. मग चाळीस प्रश्नांचा कागद आला. कामाचा थकवा वाटतो का, पेशंटचा कंटाळा येतो का, सकाळी उठावंसं वाटत नाही का. पुढे कधीच नाही, कधीकधी, नेहमी, अशा चौकटी. मी सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली, कारण वॉर्डातून दोनदा निरोप आला होता आणि मला लवकर सुटायचं होतं. पंधरा दिवसांनी निकाल लागला. सबंध हॉस्पिटलात माझं मनोबल पहिलं आलं. माझा फोटो जिन्यात लावलाय. लंबू रोज सकाळी त्याला सलाम ठोकून वर येतो.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. गेल्या आठवड्यात वॉर्डातली एक बाई गेली. तिशीची असेल. नवऱ्याला बाहेर घेऊन मी सांगत होते. तो काहीतरी विचारत होता, मी उत्तरं देत होते, आणि माझ्या मनात एवढंच होतं की कॅन्टीन तीनला बंद होतं आणि आता तीनला दहा कमी आहेत. बोलून झाल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुम्ही फार चांगलं समजावून सांगितलंत. मी कॅन्टीनला वेळेत पोचले. जेवलेही. त्या माणसाने काय विचारलं होतं ते मला अजून आठवत नाही.

हे कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं. माया पातळ होऊ देऊ नका.

मुंगी


ता. ९ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

सबंध हॉस्पिटलात पहिली. मी पत्र घेऊन सरळ न्हाव्याकडे गेलो, केस वाढलेले नसताना. फोटोची एक प्रत काढून पाठव. तुझ्या आईच्या तसबिरीशेजारी खिळा मारून ठेवला आहे. रबरवाल्याची थट्टा करू नकोस, त्याने खरा माणूस बरोबर ओळखला.

त्या बाईचं वाचून वाईट वाटलं. पण तू जे लिहितेस ते सगळ्या डॉक्टरांचं होतं. कातडी जाड व्हावीच लागते, नाहीतर आपण त्यांच्याबरोबरच रडत बसू. पोटात चार घास गेले हे चांगलंच झालं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

तुझी पत्रं मी अक्काला वाचायला पाठवतो. तिलाही आनंद होतो. फोटो विसरू नकोस, आणि बापाला तर नाहीच नाही.

बाबा


ता. २० मार्च

चि. मुंगीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा बाप तुझी पत्रं मला पाठवतो, शाबासकीसाठी. सोबत त्याच्या उत्तरांच्या नकलाही जोडतो, म्हणजे आपण किती छान लिहिलं तेही मी बघावं. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, पैकी नऊ मेट्रन म्हणून. डॉक्टर खोलीतून बाहेर पडताना दार कसं ओढून घेतो त्यावरून तो कितपत शिल्लक आहे ते मला कळायचं. तुझं जानेवारीचं पत्र मी तीनदा वाचलं. भाजीची पिशवी ठेवून येणारी बाई गोळ्यांनी बरी होत नाही.

आता ऐक. एक दिवस कुलूप लावलं नाही म्हणे. तू सहा वर्षांची असताना तुझ्या बापाचा दवाखाना चार महिने बंद होता. तुझ्या आईने लोकांना कावीळ सांगितली. मी बिनपगारी रजा टाकून येऊन राहिले होते. लोक दारावर यायचे, ती त्यांना परत पाठवायची, आणि हा मागच्या खोलीत शिवणयंत्र खोलून बसायचा. सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलायचा. यंत्राला काही झालेलं नव्हतं. हे आम्ही तिघांनीही नंतर कधी तोंडातून काढलं नाही. त्याला विचारायला जाऊ नकोस, कानावर हात ठेवील. कदाचित तो खरंच विसरलाही असेल.

तू रजा माग. तोंडी नको, कागदावर. आणि मिळाली की तिकडे नको, माझ्याकडे ये. मी न्हाव्याकडे जात नाही.

या म्हातारीवर लोभ ठेव, आणि थोडा स्वतःसाठीही राखून ठेव.

आत्या


ता. १० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ते चार महिने मला चांगले आठवतात. तेलाची कुपी माझ्या हातात असायची आणि बाबा बोट दाखवतील तिथे मी एकेक थेंब टाकायची. ते घाई करत नसत. कुणी बोलावलं तरी उठून जात नसत. माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस कुठले, असं कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितले असते. ते आजारी होते हे मला ठाऊक नव्हतं.

रजेचा अर्ज दिला. मोठ्या साहेबांनी बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, तुम्हीच रजा मागायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं, तुमचा तर जिन्यात फोटो आहे. वाईट माणूस नाही. त्यांचाही डोळा सारखा फडफडत होता, डावा. नवीन माणसं आली की बघू म्हणाले. मी अर्ज परत घेतला. घडी घालून खिशात ठेवला, आणि तो कोट धुवायला गेला.

बाबांना यातलं काही लिहू नका. ते दुखावले तर त्यांची समजूत काढावी लागेल, आणि ते आणखी एक काम होईल. मला आता आणखी एक काम नको आहे. पत्रं लिहिणंही थोडं थांबवते. रागावू नका.

आहे तेवढ्या लोभावर चालवून घ्या.

मुंगी


ता. १६ जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलपासून हे माझं चौथं पत्र. तुझं एकही नाही. कामात असशील. लाल शाईची बाटली फेकून दिली आहे, तेव्हा त्या भीतीने लिहीत नसशील तर आता लिही. कानाचं यंत्र दुरुस्त झालं, फोनही सुरू केला, पण तू उचलत नाहीस. लंबूने एकदा उचलला आणि तू वॉर्डात आहेस म्हणाला. मी विचारलं, बरी आहे ना, तर तो हो म्हणाला, पण म्हणायला त्याने वेळ घेतला.

फोटो आला नाही. घाई नाही त्याची. दोन ओळी टाक. लोभाचा प्रश्न नाही, खुशाली हवी.

बाबा


ता. ३ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून ठेवून दे. कुणाला दाखवू नकोस, आणि मुंगीला तर मुळीच कळवू नकोस. पण मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जाईना.

सोमवारी पहाटेची गाडी पकडून मी तिच्याकडे गेलो. न कळवता. म्हटलं, चकित करू. घराला कुलूप होतं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई आहे. ती म्हणाली, डॉक्टरबाई सातलाच जातात. मग आपण होऊन म्हणाली की हल्ली त्या जिना चढताना मध्येच पायरीवर बसतात, मी पाणी नेऊन दिलं तर घेतात, पण बोलत नाहीत. तिथून मी हॉस्पिटलात गेलो. दारावरचा शिपाई केसपेपरशिवाय आत सोडेना. मी म्हणालो, डॉक्टरांचा बाप आहे. तो म्हणाला, असं रोज दहाजण सांगतात. मग मी खिडकीवर केसपेपर काढला. नाव विचारलं, ते सांगितलं. वय शहात्तर. तक्रार काय, तर खोकला. आपल्याला दुसरं काय पटकन सुचणार. नंबर मिळाला एकशे बारा.

साडेतीन तास बाकावर बसलो. सुरुवातीला मजा वाटत होती. तिला काय म्हणायचं ते मनात घोळवत होतो. जिन्यात फोटोही पाहिला. शेजारच्या बाईला मी विचारलं, इथल्या डॉक्टर कशा आहेत. ती म्हणाली, या बाई चांगल्या, लवकर मोकळं करतात.

माझा नंबर आला. मी आत गेल्यावर मास्क खाली केला. ती मान खाली घालून आधीच्याचं लिहीत होती. केस बरेच पांढरे झालेत. टेबलाखाली पाय दिसले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. तिने हात पुढे केला, मी कागद दिला. त्यावर माझं संपूर्ण नाव, आडनावासकट, ठळक अक्षरात. तिने कागद टेबलावर सपाट केला. मी ठरवलेलं वाक्य बोललो. म्हणालो, डॉक्टरबाई, माझी मुलगी पत्र लिहीत नाही.

तिने विचारलं, किती दिवसांपासून.

अक्का, मला वाटलं ती थट्टेला थट्टा करते आहे. मी म्हणालो, पाच महिने झाले. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, ताप येतो का. मी नाही म्हणालो. कफ पडतो का. नाही. उठून माझ्या मागे आली, पाठीवर दोन ठिकाणी नळी लावली, मोठा श्वास घ्यायला सांगितला. मी घेतला. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. पुन्हा बसून तिने औषध लिहिलं आणि सांगितलं, जेवणानंतर तीन वेळा, पाच दिवस, बरं नाही वाटलं तर परत या. घंटी दाबली. एकशे तेरा नंबर माझ्या खुर्चीची पाठ धरून उभाच होता.

मी उठलो. बोलायला हवं होतं, नाव घेऊन हाक मारायला हवी होती. त्याऐवजी मी औषधाचा कागद उचलला. मी एकेचाळीस वर्षं हेच काम केलं. तपासणी बरोबर होती. औषधही बरोबर होतं, खोकल्याला तेच देतात. फक्त तिथे कुणी नव्हतं.

बाहेर येऊन चहा घेतला. परत आत जावं असं वाटलं, पण त्यासाठी पुन्हा केसपेपर काढावा लागला असता. दुपारच्या गाडीने आलो.

तुझा लोभ लहानपणी पाठीत धपाटे घालून मिळायचा, तसाच असो.

तुझा,
धाकटा


ता. ८ सप्टेंबर

चि. डॉक्टर यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. रडले आणि मग तुझा राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे.

मी तिला कळवणार नाही. तू कळवायचं. जानेवारीत पोरीने तुला सरळ विचारलं होतं. हो म्हणालात तर बॅग भरून येते, इतकं स्वच्छ लिहिलं होतं. तू तिला लोहाच्या गोळ्या पाठवल्यास आणि न्हाव्याचं काय होईल ते लिहिलंस. मार्चमध्ये तिने ते मेलेल्या बाईचं लिहिलं, तेव्हा तू फोटोसाठी खिळा मारलास. तिने तुला ओळखलं नाही हे तुला आता लागलंय. तू तिला ओळखायची संधी दोनदा घालवलीस.

आणखी एक. तुझे ते चार महिने मी तिला मार्चमध्येच सांगितले. माफी मागणार नाही. तुझ्याकडून ते ऐकायचा तिचा हक्क होता. अजून आहे. उपदेश न करता लिही, जमलं तर.

लोभ आहेच. धपाटा समोर आलास की मिळेल.

अक्का


ता. १४ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

अक्काने तुला सांगितलं आहे ते खरं आहे. मी ते लोकांपासून लपवलं, मग तुझ्यापासून, आणि पुढे पुढे माझ्यापासूनही. एक दिवस कुलूप लावलं नाही, हे मी इतक्या वेळा म्हटलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

झालं ते असं. एका सकाळी एका बाईने तिचं तान्हं मूल माझ्या टेबलावर ठेवलं. जुलाब लागले होते, काही कठीण नव्हतं. मला त्याला हात लावावासा वाटेना. भीती नव्हती, किळस नव्हती. नुसतं वाटेना. मी तिला म्हणालो, आज मला बरं नाही, दुसरीकडे ने. ती गेल्यावर मी कुलूप लावलं. पुढचे चार महिने तुला माहीत आहेत. मी बरा होऊन परत गेलो असं समजू नकोस. तुझ्या आईने एका सकाळी स्वतःच कुलूप काढलं आणि कंपाउंडरच्या स्टुलावर जाऊन बसली. ती एकटी बसलीय हे मला बघवेना, म्हणून गेलो. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं काम केलं. काही दिवस बरे गेले. बरेचसे गेले नाहीत. हे कुणी मला त्या वेळी सांगितलं असतं की असं होतं, तर बरं झालं असतं. मला ते माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही.

दुसरं सांगायचं ते जास्त अवघड आहे. एक सप्टेंबरला मी तुझ्या ओपीडीत आलो होतो. एकशे बारा नंबर माझा होता. तू मला तपासलंस. मी तुझ्याशी बोललो. तुझ्या लक्षात आलं नाही. हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तू कुठे जाऊन पोचली आहेस ते तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो.

जानेवारीचं पत्र मी मागे घेतो. सोड ते सगळं आणि घरी ये. मागची खोली रिकामी आहे. तुला कुणी काही विचारणार नाही, कुणाची नाडी बघायला लागणार नाही, दारावर आलेल्यांना मी परत पाठवीन. नुसती बसून राहिलीस तरी चालेल.

हे आधी लिहायला हवं होतं. उरला असेल तितका लोभ या बापावर ठेव.

बाबा


ता. ३० सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ओपीडीचं रजिस्टर मागवून बघितलं. एक सप्टेंबर, नंबर एकशे बारा, तुमचं नाव, शहात्तर, खोकला. त्या दिवशी एकशे एकाहत्तर झाले होते. मी दोन दिवस आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी घंटीचं बटण अडकत होतं, एवढंच आठवतं. तुम्ही आठवत नाही. तुमचा आवाजही नाही.

पत्र मी जिन्यात बसून वाचलं. वाचून झाल्यावर रडू येईल म्हणून थांबले. आलं नाही. मग मनात आलं ते असं, की आता याला उत्तर लिहावं लागेल. हे तुम्हाला कळवायला लाज वाटायला हवी. तीही वाटत नाही, पण वाटायला हवी एवढं कळतं. बारा दिवस लागले लिहायला.

तुम्ही घरी ये म्हणता. बाबा, जानेवारीत ज्या मुंगीने विचारलं होतं तिला जायचं होतं. तिला कंटाळा यायचा, राग यायचा, भाजीची पिशवी टाकून तिला पळता यायचं. तुम्ही तेव्हा हो म्हणाला असता तर ती आली असती. आता हवंसं वाटणंच होत नाही. राहायला काही ठरवावं लागत नाही. खुर्ची असते, नंबर येतात, घंटी असते, दोन वाजतात. सोडायचं तर अर्ज लिहावा लागतो, दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं, कारण सांगावं लागतं. तेवढं माझ्याच्याने होत नाही. लंबू ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला, तूही चल, मी गाडी थांबवतो. मी म्हणाले, माझा वॉर्ड राउंड व्हायचाय. त्याचा वॉर्डही आता माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात नवीन डॉक्टरांना मनोबलावर मी बोलायचं आहे. मी हो म्हणाले, कारण नाही म्हटलं तर पुढे बोलत बसावं लागलं असतं.

माझ्या हातून अजून चूक झालेली नाही. म्हणजे मला कळलेली तरी नाही. तुम्ही एकशे बारा नंबर असू शकता आणि मला पत्ता नसतो, तर आणखी काय काय माझ्या समोरून गेलं असेल, हा विचार मात्र परवा ओपीडीत एकदा आला. पेन थोडा वेळ थांबलं. मग पुढचा आला.

तुम्ही ते मुलाचं आणि कुलपाचं लिहिलंत, ते वाचलं. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका, असं मी लिहिणार होते, पण ते मी दिवसातून वीस वेळा नातेवाइकांना म्हणते, म्हणून तुम्हाला लिहीत नाही.

यायचं असेल तर या. हॉस्पिटलात नको, घरी. किल्ली खालच्या शिवणकामवाल्या बाईंकडे असते. मी आठपर्यंत येते. बोलणं होईल असं नाही. मी बघूनही न बघितल्यासारखी बसले तर राग मानू नका. राजीनाम्याचा अर्ज तुम्ही लिहून आणलात तर मी सही करीन. सह्या मी दिवसभर करतेच. पण त्याने मी बरी होईन असं धरून येऊ नका. साहेब तो लगेच मंजूर करणार नाहीत, आणि केला तरी मी तुमच्या मागच्या खोलीत काय घेऊन बसेन ते मला माहीत नाही.

इथे शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. मी आज सकाळपासून शोधते आहे, मला माझा सापडत नाही. तुमचा तुमच्याजवळ असेलच. सापडेपर्यंत माझ्या वाट्याचाही तुम्हीच करा.

मुंगी